भिंगरीनं पाडलेला माणूस

आमच्या ह्यांना सगळं जग ओळखतं, पण चेहऱ्यानं नाही, पडण्यानं. टीव्हीवर फुटबॉलवाल्या भिंगरीचं नाव निघालं की तो एक गोल दाखवतातच. भिंगरी उजवा खांदा जरासा खाली करतो, हे अडवायला तिकडे झेपावतात आणि तो चेंडू घेऊन डावीकडून पसार. हे बुडावर, दोन्ही पाय वर. लोक अजून पोट धरून हसतात. इतकी वर्षं झाली, मला काही हसू आलं नाही.

तसा भिंगरी मोठाच खेळाडू. काडीसारखे पाय, पण चेंडू त्यांना सोडायचा नाही. पोरं अजून त्याच्यासारखे केस ठेवतात आणि गल्लीबोळात तो खांदा पाडून बघतात. त्या सामन्यात त्या गोलाआधी ह्यांनी त्याला पुढे सरकूच दिलं नव्हतं, ते मात्र कुणी दाखवत नाही. एकदा खुद्द भिंगरीच मुलाखतीत म्हणाला, "मला खरं कुणी छळलं असेल तर त्यानंच." त्यावरही लोक हसले. त्यांना वाटलं, थट्टा करतोय.

खेळ सुटल्यावर हे फरशा बसवायच्या कामाला लागले. दिवसभर गुडघ्यांवर. फरशी ठोकून पोकळ वाजतेय का ऐकायचं, सांधे भरायचे, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. घरमालक चहा घेऊन यायचा आणि निरखून बघायचा. "तुम्हीच ना ते... पडलेले?" हे मान हलवायचे. मग आतून बायकापोरांना हाक. लेकीच्या लग्नात व्याह्यांनीसुद्धा तोच विषय काढला. हे हसले, मी मूग गिळून बसले. पण मनातल्या मनात त्या भिंगरीचा मी रोज उद्धार करत आले.

गेल्या वर्षी तो वारला. मैदानातल्या नव्या गॅलरीला त्याचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा क्लबचे सेक्रेटरी घरी आले.

"काका, नामकरणाला तो गोल पुन्हा करून दाखवायचाय. आमचा हल्लीचा फॉरवर्ड भिंगरीसारखा येईल. तुम्ही फक्त पडायचं."

"फक्त?" मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "ह्यांचं खुब्याचं हाड कसंबसं जुळलंय. पुन्हा पडलात तर अंथरूण धराल, असं डॉक्टरांनी बजावलंय."

"गवत मऊ आहे हो, काकू."

"मग तुम्हीच पडा."

हे म्हणाले, "येतो मी."

सेक्रेटरी गेल्यावर मी कडाकडा भांडले. "आयुष्यभर हसं झालं, ते पुरलं नाही का?" हे गुडघ्याला तेल चोळत होते. "त्याच्यासाठी एवढं करायला हवं गं. दुसरं काय आहे माझ्याकडे त्याला द्यायला?" मी हात टेकले. भांडायचंही वय राहिलं नाही आता.

मैदान भरलं होतं. मी खुर्चीची कड घट्ट धरून बसले होते. फॉरवर्ड धावत आला आणि त्यानं खांदा पाडला, अगदी तस्साच. हे जागचे हलले नाहीत. नुसता पाय पुढे केला आणि चेंडू काढून घेतला. चुकून झालं असेल म्हणून तो पुन्हा आला, आणि चेंडू पुन्हा ह्यांच्या पायाखाली. तो बिचारा ओशाळला. "काका, पडायचंय ना?" ह्यांनी चेंडू त्याला परत दिला, पाठीवर हात ठेवला आणि लंगडत माझ्याकडे चालत आले. सेक्रेटरींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"चांगली जिरवलीत सगळ्यांची," मी घरी जाताना बसमध्ये म्हटलं.

हे खिडकीबाहेर बघत राहिले. "अगं, पडायचं ठरवूनच गेलो होतो. पण तो बॉलकडे बघत आला. भिंगरी कधीच बॉलकडे बघायचा नाही. माझ्या गुडघ्यांकडे बघायचा. मी कुठे जाणार, ते माझ्याआधी त्याला कळायचं." मग म्हणाले, "अंग पडेचना. हा तो नव्हे, हे अंगाला कळलं."

आणि हे रडायला लागले. त्याच्या मयताला गेले होते, तेव्हाही रडले नव्हते.

मी त्यांचा हात हातात घेतला. सिमेंटनं खाल्लेला, खरखरीत हात. जन्मभर ज्याला शिव्या दिल्या, तो त्या दिवशी मला हवासा वाटला. यायला हवा होता तो, आणि पाडायला हवं होतं त्यानं ह्यांना एकदा. हाड मोडलं असतं, तरी मी चकार शब्द काढला नसता.