वर्षात चार बोटं

खारघरच्या मैदानावर मुलींच्या हँडबॉलची फायनल चालू होती. माझी लेक खेळत होती, आणि माझ्या शेजारी तिच्याच टीममधल्या एका मुलीचे वडील बसले होते. साताऱ्याकडचे, एपीएमसी मार्केटात माथाडी काम करणारे. त्यांच्या लेकीने बॉल हातात घेतला की त्यांचाही हात आपोआप खांद्यामागे जायचा.

तिने मारलेले दोन बॉल गोलच्या वरून गेले. मागून कोणीतरी ओरडलं, "बदला तिला!"

ते शांतपणे मागे वळले. "वर्षात चार बोटं वाढलीया पोरगी. हात लांब झाल्यात, अंदाज अजून जुनाच हाय. जरा दम धरा."

शेवटचं मिनिट आलं तरी बरोबरीच होती. बॉल पुन्हा तिच्याकडे आला. तिने उंच उडी घेतली आणि या वेळी बॉल खाली, गोलकीपरच्या पायाजवळून थेट जाळीत मारला! आम्ही दोघे अनोळखी बाप एकमेकांना मिठी मारून नाचलो.

ती धावत आली. शाबासकी द्यायला त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला घेतला, तर तो स्वतःच्या डोक्याच्याही वर न्यावा लागला.

"आयला, माझ्याम्होरं कवा गेलीस गं?" म्हणत ते खदखदून हसत सुटले.