दुधाच्या योजनेतला तांदूळ

माझा स्वभाव तापट. सावली गावी आमच्या घरी सगळे म्हणायचे, या पोरीला सासरी कोणी ठेवून घेणार नाही. लग्नानंतर वर्षभरातच कुंकू पुसलं, सासरच्यांनी खरंच परत पाठवलं. मग मी हट्टानं शिकले आणि शेवटी सरकारनं ठेवून घेतलं.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. गडचिरोली, सिरोंचा सगळं त्याच जिल्ह्यात, आणि त्या वेळच्या राज्याची राजधानी नागपूरला. बायका-मुलांसाठी सरकारच्या जेवढ्या योजना त्या जिल्ह्यात चालत, त्यांचं काम आणि पैसा दोन्ही माझ्याकडे. बालवाड्या, सुईणींचं शिक्षण, शिवणवर्ग, दूधवाटप. ऐकायला मोठं वाटतं हो. पण प्रत्येक योजनेचा पैसा वेगळ्या कप्प्यातला, आणि या कप्प्यातला त्या कप्प्यात टाकायचा तर नागपूरची मंजुरी लागे. ती येईपर्यंत बालवाडीतली पोरं लग्नाला यायची.

त्या वर्षी ज्येष्ठ संपत आला होता. भामरागडकडच्या गावांत दुधाच्या भुकटीचे डबे पावसाआधी पोचवायचे होते. तिकडच्या नद्या एकदा भरल्या की दिवाळीपर्यंत ना बंडी जात, ना माणूस. मी स्वतः निघाले. आलापल्लीपर्यंत जीप, पुढे बैलबंडी. बंडीवाला आलापल्लीचाच होता. तिथल्या माडिया आदिवासींची बोली त्याला यायची, म्हणून तोच माझा दुभाषी.

नदीकाठच्या एका पाड्यावर पोचलो तर बायका एका झोपडीपुढे गोळा झालेल्या. आदल्या दिवशी एक बाळंतीण गेली होती. मागे मुलगी राहिली होती, एवढीशी, उंदराच्या पिलासारखी लाल. आजी तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि पोरीचं रडणंही आता थकलं होतं.

मला वाटलं, देवानंच मला आज इथं धाडलं. बंडीभर दूध आहे माझ्याकडे! पाणी उकळलं, डबा फोडला. आजीनं पाहिलं आणि तोंड फिरवलं. बंडीवाला म्हणाला, "बाई, हे लोक गाय पिळत नाईत. गाईचं दूध वासराचं, थे आपण काऊन घ्यावं म्हणते बुडी."

"अगं, पोर मरून राह्यली तुझी, आन् तुले वासराची पडली!" मी ओरडलेच. माझी भाषा तिला कळली नसेल, आवाज कळला. तिनं पोर मुकाट्यानं माझ्या हातात दिली. मी कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. पोरीनं दोन घोट घेतले आणि सगळं ओकून टाकलं. पुन्हा पाजलं, पुन्हा तेच. बाप्पा, काय करावं सुचेना.

तेवढ्यात शेजारच्या झोपडीतली एक तरुण बाई पुढे आली. तिच्या कडेवर तिचा मुलगा होता, सात-आठ महिन्यांचा, चांगला गुटगुटीत. तो तिनं दुसऱ्या बाईकडे दिला, माझ्या हातातून पोर घेतली आणि छातीला लावली. कोणाला विचारलं नाही, काही नाही. पोर प्यायला लागली. आम्ही सगळ्या बघत राहिलो.

मग आजी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. बंडीवाल्यानं सांगितलं, "म्हणते, दूध हिच्या अंगात हाये, पण पोटात काई नाई. पावसात आमच्या घरी अन्न सरते. तुले द्यायचं तं हिले भात दे. हे दोघांले पाजंल."

एवढी सरळ गोष्ट! माझ्याजवळ दुधाचे पैसे होते, सुया-दोऱ्यांचे होते, बालवाडीच्या पाट्यांचे होते. तांदळाचे नव्हते. नागपूरला कळवून मंजुरी मागावी तर तोवर पाऊस येणार आणि पोर जाणार. मी बंडीवाल्याला म्हटलं, "भाऊ, डबे उतरवा आणि परत फिरा. आलापल्लीच्या दुकानदाराला माझं नाव सांगा. बंडीत मावेल तेवढा तांदूळ आणा, मीठ आणा. पैसे दूधवाटपातून जातील. पुढचं पुढं."

तो परत येईपर्यंत मी त्या पाड्यावरच राहिले. तांदूळ आला तेव्हा आभाळ काळंभोर झालं होतं. पोती मी त्या बाईच्या झोपडीत उतरवून घेतली आणि बंडीवाल्याकडून तिला बजावून सांगितलं, "हे तुझ्यासाठी. तू खायचं, पोटभर खायचं, म्हणजे दोन्ही लेकरं जगतील. पाऊस सरेपर्यंत पुरेल." तिनं मान हलवली. त्याच दिवशी डबे परत बंडीत टाकून आम्ही निघालो. मागे नाले भरत आले.

श्रावणात नागपूरहून बोलावणं आलं. वरिष्ठ साहेब सज्जन होते, पण नियमाला पक्के. "बाई, दुधाच्या योजनेत तांदूळ कुठून आला?"

"मीच खाल्ला म्हणून लिहा," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. पैसे माझ्या पगारातून कापायचं ठरलं, वर ताकीद मिळाली. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट आतून आनंदच होता. दोन लेकरं तिकडे जगतायत, मग कापा खुशाल! रात्री पाऊस कोसळायला लागला की मी मनात म्हणायची, खात असेल ना ती नीट? पावसाळाभर हाच घोर. शिवणवर्गातल्या बायकांकडून दोन झबली शिवून घेतली, एक तिच्या मुलासाठी, एक त्या पोरीसाठी.

कार्तिकात वाट उघडल्याबरोबर निघाले. पाड्यावर शिरताना ती बाई लांबूनच दिसली. कडेवर मुलगी होती. जगली होती! हाडं दिसत होती, पण डोळे टपोरे, इकडेतिकडे भिरभिरणारे. मी विचारलं, "आणि तुझा मुलगा कुठाय?"

तिनं हनुवटीनं पाड्याबाहेरच्या मोहाच्या झाडांकडे दाखवलं.

बंडीवाल्यानं विचारून विचारून सांगितलं. तांदूळ महिनाभरसुद्धा पुरला नव्हता. पहिल्याच दिवशी तिनं तो साऱ्या पाड्यासाठी शिजवला, दुसऱ्या दिवशीही. पुढे कंदमुळं आणि आंबील. दूध कमी झालं. मुलगा मोठा, त्याचं आंबिलीवर भागेल, म्हणून त्याला बाजूला ठेवून तिनं या पोरीला पाजलं. भादव्यात त्याला हिवतापानं धरलं. अंगात काही उरलंच नव्हतं त्याच्या. मोहाच्या झाडाखालीच त्याला पुरलं होतं.

"अगं, तुला सांगितलं होतं ना, तुझ्यासाठी आहे म्हणून!" माझ्या तोंडून निघून गेलं. मला भयंकर राग आला होता, आणि तो कोणाचा, तेच कळत नव्हतं.

ती हळू काहीतरी बोलली. बंडीवाला खाली बघून म्हणाला, "म्हणते, बाकीच्या घरी चूल बंद, आन् माह्या एकटीच्या घरी भात शिजते, असं कसं होईल? तुमच्याकडे होते काय?"

मी मुलीला घ्यायला हात पुढे केले, तर ती रडून त्या बाईलाच बिलगली. आता हिला आजी नेणार का, मी विचारलं.

"नाई. माही हाये," बाई स्वतःच म्हणाली, मोडक्या मराठीत.

मी पिशवीतून झबलं काढून दिलं. तिनं ते तिथंच मुलीच्या अंगात घातलं. दुसरं मी पिशवीच्या तळाशी दाबत होते. तिला ते दिसलं. तिनं हात पुढे केला. "थे बी दे."

मी दिलं. मुलीला कडेवर सावरत ती मोहाच्या झाडांकडे चालायला लागली. मागून जावं असं फार वाटत होतं मला, पण तिनं बोलावलं नव्हतं. मी बंडीपाशीच उभी राहिले.