कमोडसारखे नकोत

आमच्या कोकंद शहरात दात बसवणारे डॉक्टर पुष्कळ, पण हाताने दात घडवणारा कारागीर, म्हणजे उस्ता, एकच: रिख्सी. या माणसाला सगळ्याचीच किळस. लोक जिभेखाली नास, म्हणजे तंबाखूची पूड, धरतात त्याची किळस, तोंडातून काढलेल्या दातांच्या साच्याला चिकटून आलेल्या मांसाच्या तंतूची किळस. सोन्याचे दात होते तेव्हा म्हणायचा, "तोंड उघडलं की सोनाराचं दुकान." सोनं गेलं, झिर्कोनिया नावाचा पांढरा पदार्थ आला, तर लोक सगळ्यात पांढरा रंग मागू लागले.

"माणसांच्या तोंडात कमोड बसवतोय मी," उस्ता म्हणायचा आणि थुंकायचा.

हा झिर्कोनिया भट्टीत जाण्याआधी खडूसारखा असतो. भाजताना आक्रसतो, म्हणून दात मोठाच कोरायचा. रंग पाजायचा तोही आधीच. बाहेर आला की पोलाद, मग आत काही शिरत नाही. उस्ता कुंचल्याने मुळाशी पिवळट छटा द्यायचा, वर चहाची बारीक रेघ ओढायचा. जन्मभर हिरवा चहा पिणाऱ्यांचे दात असेच हवेत, हे त्याचं म्हणणं. लोक ते दात परत पाठवायचे. उस्त्याचे डोळे अधू होत चालले होते, आणि ते जाण्याआधी एका तरी तोंडात आपला खरा दात बघायचा, एवढंच त्याला हवं होतं.

मी म्हटलं, "माझे पुढचे चार कर."

"बघू. शी! आधी नास सोड, म्हाताऱ्या."

"सोडली."

"खोटारडा. तिचाही डाग घालतो मग."

दात बसले. आमची इनोबत तोंडात डोकावून म्हणाली, "नवे बसवायला गेला होतात ना? मग जुनेच घेऊन आलात?"

मी धावत जाऊन उस्त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बायकोची साक्ष धरत नाही. बाहेरचं कुणी बोललं पाहिजे."

पुढे शेजारच्या लग्नात पहाटेच्या पुलावाच्या पंगतीला आम्ही एका ताटावर बसलो. समोर हाशिम खाटीक, तोंडात पांढरेशुभ्र बत्तीस. मला म्हणतो कसा, "महकाम अका, उस्ता तुमचा एवढा दोस्त, आणि तोंडाची ही दशा? दात बसवून घ्या की."

उस्त्याचा घास हातातच राहिला. "फार घाण दिसतात का रे?"

"जेवताना बघवत नाहीत."

उस्त्याने ताटातला सगळ्यात चांगला मांसाचा तुकडा उचलला आणि हाशिमच्या पुढ्यात सारला.