पलंगाच्या उंचीचं मशीन

“बाजाराच्या दिवशी मशीन बरं चालतं आणि एरवी बोंबलतं? मशीनला काय भाजी आणायची असते?” आमचे मालक भाऊसाहेब वही टेबलावर आपटत म्हणाले.

वही चारठाण्याच्या दिगंबररावांची होती, दर डायलिसिसची नोंद केलेली. त्यांची बायको शकुंतलाबाई, वय सव्वीस, दोन्ही किडन्या निकामी. औरंगाबादच्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये आम्ही घरी वापरायचं डायलिसिस मशीन बनवलं होतं. डिझाइन माझं. परभणी जिल्ह्यात गेलेलं ते पहिलंच मशीन, आणि मी परभणीचाच. त्यामुळे ते यशस्वी झालं तर मी मिरवणार होतो. नापास झालं तर गावात तोंड लपवायला जागा नव्हती.

हे काम कसं चालतं ते सांगतो. पोटाच्या आत एक पातळ पडदा असतो. पोटात बसवलेल्या नळीतून कोमट औषधी पाणी आत सोडायचं, थोडा वेळ ठेवायचं, मग बाहेर काढायचं. रक्तातली घाण त्या पाण्याबरोबर निघून जाते. असं दिवसभर, आठवड्यातून तीनदा. आमच्या मशीनमध्ये पंप नव्हता. पाण्याच्या बाटल्या वर टांगलेल्या, घाण पाण्याची पिशवी मशीनच्या पायाशी एका वजनकाट्यावर. उतारानं पाणी आत, उतारानंच बाहेर. किती निघालं ते काटा सांगणार. कमी निघालं की अलार्म.

अलार्म महिनाभर वाजत होता. पाणी पोटात राहून बाईंना सूज यायची, दम लागायचा. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, “दोन आठवडे देतो. नाहीतर मशीन परत घ्या, तिला इथे आणून ठेवावं लागेल.” इथे म्हणजे औरंगाबादला, आठवड्यातून तीनदा, कायमचं. घरी चार वर्षांची मुलगी, शेती, म्हातारे सासू-सासरे. हे किती दिवस निभेल ते डॉक्टर बोलले नाहीत, पण मला कळलं.

मी वही नीट वाचली. तीनपैकी एक डायलिसिस तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी असायचं. त्या दिवशी पाणी पूर्ण निघायचं, बाकी दोन दिवशी अडायचं. मी चौकशी केली. शेजारी पिठाची गिरणी होती आणि गिरणीवाला बाजाराच्या दिवशी गिरणी बंद ठेवायचा. झालं, मला कारण सापडलं. गिरणी चालू की व्होल्टेज पडतं, व्होल्टेज पडलं की नळी उघडणारा व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो. मी भाऊसाहेबांना ते इतक्या रुबाबात समजावलं की आज आठवलं तरी कान गरम होतात.

स्टॅबिलायझर घेऊन मी बाजाराच्या आदल्या दिवशी चारठाण्याला पोचलो. आणि दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद. एसटी नाही, बाजार नाही, गिरणीही बंद. मी मीटर लावला. व्होल्टेज भरपूर. वर माझा स्टॅबिलायझर. दिगंबररावांनी दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे कोपरापर्यंत हात धुतले, तोंडाला फडकं बांधलं, नळी जोडली आणि पडदा ओढला. मी बाहेर ओसरीत बसलो. बाईमाणूस आडवी असताना परक्यानं खोलीत कशाला जायचं? आधीच्या दोन्ही खेपांना मी असाच ओसरीत बसलो होतो.

तासाभरात अलार्म वाजला.

माझा चेहरा पडला. गिरणी नाही, व्होल्टेज ठीक, दिवस बाजाराचा, तरी पाणी अडलेलं. मी दिगंबररावांना म्हणालो, “मला आत येऊन बघावंच लागेल.”

त्यांनी बायकोला विचारून पडदा सारला. मशीन पलंगाशेजारी, मी सांगितलं होतं तिथंच. पलंगावर चादर तशीच घडी घातलेली. आणि शकुंतलाबाई खाली जमिनीवर, सतरंजीवर. पोट आणि पिशवी जवळजवळ एकाच पातळीत. मग पाणी उतरणार कुठं, माझ्या कपाळात?

“वैनी, पलंगावर का नाही झोपलात?”

त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि हळूच म्हणाल्या, “आबा घरात हायेत की. ते खाली बसलेले अन् मी वर कशी झोपू?”

सासरे, आबा, दाराशी घोंगडी टाकून बसायचे. फक्त बाजाराच्या दिवशी तालुक्याला जायचे. त्या दिवशी बाई पलंगावर. आज बाजार नव्हता, म्हणून आबा घरात.

“हे आधी कामून सांगितलं न्हाई?” परभणीचा मी परभणीच्याच बोलीत विचारून गेलो.

“तुमी इचारलंच न्हाई.”

आबांनी हे दारातून ऐकलं. त्यांना लय वाईट वाटलं. “पोरी, मी कवा म्हनलो वर झोपू नको म्हनून? झोप की.” ती मान हलवून नाहीच म्हणाली. मग आबा उठले, काठी घेतली आणि देवळाकडं निघाले. बाई पलंगावर गेल्या. पंधरा मिनिटांत पाणी उतरलं.

संध्याकाळी आबा परतले आणि म्हणाले, “इंजिनेरसाहेब, बाजार सोडून बाकीचे दोन दिस मी देवळातच बसत जाईन. सोपं हाय.” सत्तरीच्या पुढचा माणूस, गुडघे धरलेले, ऊन मराठवाड्याचं. आतून शकुंतलाबाई रडत म्हणाल्या, “माझ्यापायी म्हाताऱ्या माणसानं घराबाहीर बसायचं? लोकाचं ऱ्हाऊ द्या, मलाच अन्न गोड लागणार न्हाई.”

मी आबांना अडचण समजावली. पाणी पोटापेक्षा खाली गेलं पाहिजे, आणि जमिनीखाली कसं जाणार. खड्डा खणावा तर खोलीत धूळ, आणि धुळीनं पोटात पू होतो. आबांनी ऐकून घेतलं. आयुष्य पाटाचं पाणी वळवण्यात गेलेला माणूस. ते काठीनं ओसरीच्या कडेला टकटक करत म्हणाले, “घर दोन हात उंच जोत्यावर हाय. पिशवी अंगनात ठिवा की. आतच कामून पाहिजे?”

मी उठून जोतं मोजलं. इंजिनिअरिंगची पदवी माझ्याकडं होती.

वर्कशॉपमध्ये भाऊसाहेब उसळले. “मशीनचे दोन तुकडे? त्यापेक्षा बाईला पलंगावर झोपायला सांग. मॅन्युअलमध्ये लिहून टाक.”

“साहेब, ती मॅन्युअल वाचून सून झालेली नाही.”

“अंगणात शेळ्या असतात.”

“झाकणाची पेटी देतो.”

“घाण उलट आत गेली तर?”

हा प्रश्न खरा होता. मी नळीत एकाच दिशेनं उघडणारी झडप घातली. लांब नळीत पाणी रेंगाळतं म्हणून नळी जाड घेतली. काटा आणि पिशवी मूळ मशीनपासून तोडून पेटीत बसवली, अलार्मची वायर लांबवली. बाई आता खाली असणार, म्हणून वरच्या बाटल्यांची उंचीही कमी केली, नाहीतर पाणी धबाधबा आत जाऊन दुखलं असतं. आठ दिवस मी वर्कशॉपच्या फरशीवर पाण्याच्या पिशव्या मांडून बसलो होतो. भाऊसाहेब येता-जाता म्हणायचे, “झोपा, झोपा.”

इकडे आबांनी डायलिसिस नसलेल्या दिवशी भिंतीला जमिनीलगत भोक पाडून घेतलं, पाइप बसवून लिंपलं. खोली दोनदा धुतली.

मुदत संपायला दोन दिवस असताना मशीन जोडलं. शकुंतलाबाई सतरंजीवर, आबा दाराशी घोंगडीवर, मी अंगणात पेटीपुढं उकिडवा. जितकं पाणी आत गेलं त्याहून थोडं जास्तच बाहेर आलं. तेच पाहिजे असतं, अंगातलं जादा पाणी निघतं. दिवसभर अलार्म एकदाही वाजला नाही. मला इतका आनंद झाला की मी आबांच्या पायाच पडलो. त्यांना कशासाठी ते नीट कळलं नाही, पण आशीर्वाद दिला.

शकुंतलाबाई तीन वर्षं त्या मशीनवर घरीच राहिल्या. लेकीला शाळेत घातलं. पुढं त्यांच्या आईची किडनी बसवली. आमचं त्यानंतरचं प्रत्येक मशीन दोन तुकड्यांतच गेलं, आणि पलंगवाल्यांनाही तेच सोयीचं पडलं. माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम कोणतं विचारलं तर मी हेच सांगतो, छाती फुगवून सांगतो.

इन्स्टॉलेशन रिपोर्टमध्ये मी एक रकाना वाढवला: ‘रुग्ण कुठे झोपतो? स्वतः पाहिले का?’ नवीन इंजिनिअर तिथं हमखास ‘होय’ लिहून आणायचे. मी विचारायचो, “मग अंथरुणाचा रंग सांग.” निम्मे जण दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीत बसायचे.