धिरड्याच्या यादीत नसलेलं

"नऊशे माणसांचं जेवण मला सोपं जातं, तिघांचंच जमत नाही," असं उत्तरेश्वर एकदा म्हणाला होता. हसत म्हणाला नव्हता.

खराडीतल्या एका कॉम्प्युटर कंपनीच्या कँटीनमध्ये तो मुख्य आचारी होता. कँटीन ठेकेदाराचं, अंगावरचे कपडे ठेकेदाराचे, डोक्यावरची कागदी टोपीसुद्धा ठेकेदाराची. कळंबकडच्या एका गावातून एकोणीस वर्षांपूर्वी तो पुण्यात आला. आधी एका मेसमध्ये भांडी घासली, मग कणीक मळली, मग भाजी, असं करत करत काचेच्या इमारतीच्या तळघरातल्या मोठ्या पातेल्यांपर्यंत पोचला. वर दिवसरात्र काम चाले. तिथे काय काम चालतं हे त्याला कधी नीट कळलं नाही. माणसं किती, एवढं त्याला कळत असे.

दर शुक्रवारी तो पुढच्या आठवड्याचा मेनू लिहायचा. कागदावर सात रकाने, प्रत्येक रकान्यात पदार्थ, पदार्थाखाली त्याचे जिन्नस, ग्रॅमपर्यंत. हा कागद कोठीत जायचा. कागदावर जे असेल तेच कोठीतून बाहेर यायचं. नसेल तर चिमूटभर हिंगही मिळायचा नाही. मेनू लिहायला लागल्यापासून त्याची यादी कधी खोटी निघाली नव्हती. याचा त्याला अभिमान होता, आणि दुसऱ्या कशाचा असावा असं त्याच्याजवळ फारसं काही नव्हतं.

राहायला तो मांजरीला होता. नव्या इमारती जिथे संपतात आणि ऊस सुरू होतो, तिथल्या दीड खोलीत. बायको राधा, आठवीतली मुलगी श्रद्धा. राधाच्या गर्भाशयात गाठ होती. दोन वर्षं अंगावरून जात होतं आणि दोन वर्षं तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा तिचं वजन साडेचौतीस किलो झालं होतं.

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ काढायलाच हवी, पण या वजनावर मी हिला टेबलावर घेणार नाही. चाळीस किलो करून आणा. गोळ्या देते, रक्त वाढेल, पण नुसत्या गोळ्यांवर माणूस भरत नाही. रोज दोन अंडी द्या, त्याहून स्वस्त काही नाही.

राधानं पदर जरा बाजूला करून गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. अकराव्या वर्षी वडिलांनी घातलेली. तेव्हापासून तिनं अंडं, मासा, मटण शिवलंही नव्हतं. नवऱ्यासाठी अंडं शिजायचं तेही बाहेर ओट्यावर, वेगळ्या तव्यावर. आणि पुढे त्यानंच ते सोडून दिलं होतं.

"मग वजन कसं वाढवायचं ते माळेलाच विचारा," बाई म्हणाल्या आणि पुढचा केसपेपर ओढला.

त्या रविवारी दुपारी उत्तरेश्वरनं घरी पहिल्यांदा सात रकाने आखले. वर्ष मंदीचं होतं. कंपनीतली नऊशे माणसं सहाशेवर आली होती आणि ठेकेदारानं ओव्हरटाइम बंद केला होता. तूरडाळ नव्वदला गेली होती, म्हणून यादीत तूरडाळ आठवड्यातून एकदाच, तीही श्रद्धाला आवडते म्हणून. बाकी हुलग्याचं माडगं, मोडाची मटकी, राजगिऱ्याचा पाला, ज्वारीची भाकरी, शेंगदाणे-गूळ. अर्धा लिटर दूध राधाचं, श्रद्धाला चहापुरतं. एकादशीच्या रकान्यात भगर आणि दाण्याची आमटी. सोयाबीनच्या वड्या त्यानं एका बुधवारी लिहिल्या, तर राधाला वासानंच उलटी झाली. पुढच्या आठवड्यात तो रकाना खोडला. श्रद्धानं यादी सुवाच्य अक्षरात उतरवून शेगडीमागच्या भिंतीला चिकटवली. पाहुणे आले की राधा ती दाखवायची. आमच्याकडे कंपनीसारखं चालतं, म्हणायची.

दर सोमवारी तिला घेऊन तो रामदासच्या किराणा दुकानात जायचा. तिथे पोत्यांचा काटा होता. राधा चप्पल काढून, भिंतीला हात न लावता त्यावर उभी राहायची. रामदास चष्मा पुसून आकडा वाचायचा.

"वहिनी, माझं साखरेचं पोतंसुद्धा तुम्हाला मागं टाकतंय," तो म्हणायचा. त्याच्या मनात वाईट नसायचं. पण परतताना राधा चार पावलं पुढे चालायची.

चार आठवड्यांत साडेचौतीसचे चौतीस झाले.

यादीत चूक नव्हती. तो ती पुन्हा पुन्हा तपासायचा. ताटातलं अर्धं तिच्याच्यानं जात नसे, हे त्याला दिसत होतं. आणि जे जात होतं त्यात अंगाला लागेल असं फार थोडं होतं, हेही दिसत होतं. कँटीनमध्ये उरलेल्या अन्नावर फिनेल ओतायचा नियम होता, म्हणजे कोणी घरी नेऊ नये. ते ओतण्याचं काम त्याचंच होतं. पनीर असायचं, राजमा असायचा, कधी खीर. त्यानं एकदा सुपरवायझर जयसिंगला विचारलं, बायको आजारी आहे, एक डबा नेऊ का. जयसिंग म्हणाला, आज तू डबा नेलास तर उद्या बाकीचे पातेलं नेतील. चुकीचं काही बोलला नाही तो. उत्तरेश्वरनं बाटली उचलली आणि ओतली.

मग श्रावण लागला. श्रावणात अंड्यांचा भाव पडतो. कँटीनमध्ये भुर्जीच्या काउंटरवर कोणी फिरकेना.

अंडं कशात आणि कसं दडवायचं हे आचाऱ्याला शिकवावं लागत नाही. मुंढव्याच्या चौकात एका टपरीवर तो दोन अंडी घ्यायचा आणि तिथेच स्टीलच्या छोट्या डबीत फोडायचा, म्हणजे टरफल घरी यायला नको. डबी कापडात गुंडाळून सायकलला. घरी आलं की बेसन, ज्वारीचं पीठ, आंबट ताक, लसूण, ओवा, वरून हळद. डबीतलं त्यात घालून हात गोल गोल फिरवत राहायचा, आणि ते पिवळं त्या पिवळ्यात नाहीसं व्हायचं. धिरडी मऊ व्हायची, फुगायची, तव्यावरून सहज सुटायची. राधानं पहिल्या दिवशी दोन खाल्ली. म्हणाली, अहो, आज जिभेला चव आली.

त्यानं यादीत सोमवार ते शनिवार 'धिरडी' असं लिहिलं. खाली बेसन, पीठ, ताक, लसूण, ओवा, हळद, तेल. एवढंच. लिहिताना हात थांबला होता, असं त्यानं पुढे कधीतरी सांगितलं. डबी तो स्वतः घासायचा, ओट्यावर नेऊन, राखेनं. घरातलं दुसरं कुठलंही भांडं तो घासत नसे.

काटा वर जाऊ लागला. पस्तीस. छत्तीसला थोडं कमी. अंगावरून जाणंही कमी झालं होतं. ते गोळ्यांनी झालं, की अंड्यांनी, की आपोआप, हे कोण सांगणार. राधापुरता प्रश्नच नव्हता. नळावर ती बायकांना सांगायची की डॉक्टरीणबाईंनी माळेला विचारायला सांगितलं आणि मी विचारलं. रोज सकाळी ती माळ डोळ्यांना लावायची, पूर्वी लावायची त्यापेक्षा जास्त वेळ. उत्तरेश्वर पाठ करून पायात चपला घालायचा.

धिरड्यांच्या नवव्या आठवड्यात दोघं दवाखान्यात गेली. शहरात स्वाइन फ्लूची साथ होती, बाईंच्या तोंडाला मास्क होता, वर फक्त डोळे. काट्यावर साडेसदतीस.

"केलीत ना अंडी सुरू?" बाई म्हणाल्या.

"नाही बाई. तुम्हीच म्हणाला होतात, माळेला विचारा," राधा म्हणाली. तिनं माळ बोटात धरून दाखवली. तिला इतकं ताठ उभं राहिलेलं त्यानं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो फरशीकडे पाहत होता. बाईंनी केसपेपरवर लिहिलं, अडीच किलो अजून, दिवाळी झाली की तारीख देते.

अडीच किलो. येताना बसमध्ये तो तेवढंच मोजत होता. तोपर्यंत निभावलं की झालं. ऑपरेशन होईल, ती उठेल, मग धिरडी बंद, डबी नदीत टाकायची, आणि ही गोष्ट आपल्याबरोबर जाईल.

दिवाळीच्या आधी कंपनीत फराळाचा कार्यक्रम होता. उत्तरेश्वर सकाळीच सांगून गेला, आज यायला उशीर होईल. अकरावा आठवडा संपत आला होता. राधा आता घर झाडत होती, नळावरून हंडा आणत होती. तिला वाटलं, माणूस रोज दमून येतो आणि आल्या आल्या तव्यापुढे बसतो. आज आपणच करावीत.

श्रद्धाला तिनं यादी वाचायला लावली. श्रद्धानं वाचली, राधानं मापानं घेतलं. धिरडं तव्याला चिकटलं. दुसरं उलटताना तुटलं. तिला वाटलं, तवा तापला नाही. तिनं थांबून तिसरं घातलं. तेही कडेनं कोरडं, मधे फाटलेलं.

"पप्पांचं तुटत नाही," श्रद्धा म्हणाली. "काहीतरी राहिलं का? पुन्हा वाचू?"

राधानं पुन्हा वाचायला लावलं. सगळं घातलेलं होतं. धिरडं तिला माहेरापासून येत होतं. बेसनाचं धिरडं असंच व्हायचं, थोडं कोरडं, कडेनं तुटणारं. लग्न झाल्यावर तिनंच ते त्याला करून घातलं होतं. पण फुगणारं, मऊ, जाळीदार? ती शेगडीपुढे बसून राहिली. मग तिला ओटा आठवला. राख आठवली. त्याच्या हातातली ती एवढीशी डबी. हा माणूस कधी वाटी विसळत नाही.

तिनं गॅस बंद केला. भिंतीवरची यादी काढली. अंड्याचा तो वेगळा तवा पत्र्यावरच्या गोणीत होता, तो श्रद्धाकडून काढून घेतला, स्वच्छ घासला आणि शेगडीजवळ ठेवला.

उत्तरेश्वर आला तेव्हा दिवेलागण होऊन बराच वेळ झाला होता. कापडात गुंडाळलेली डबी त्याच्या हातात होती. राधा पाटावर बसली होती. पुढ्यात ताट, ताटात तीन तुटकी धिरडी, शेजारी यादी. श्रद्धा कोपऱ्यात पुस्तक उघडून बसली होती आणि पान उलटत नव्हती.

"यात काय लिहायचं राहिलं?" राधानं विचारलं.

तो उभा राहिला. मग खाली बसला. डबी जमिनीवर ठेवली.

"किती दिवस?"

"अकरा आठवडे."

"श्रावणात पण?"

त्यानं मान हलवली. सांगायला त्याच्याजवळ पुष्कळ होतं. चौतीस किलो होतं, फिनेल होतं, श्रद्धा होती. काट्यावर ती भिंतीला हात न लावता उभी राहायची ते होतं. त्यानं फक्त डबीवरचं कापड सोडलं.

राधानं दोन्ही हात मानेमागे नेले. माळेची गाठ जुनी होती, सुटायला वेळ लागला. चोवीस वर्षांत ती निघाली नव्हती. जिथे होती तिथे मानेवर फिकट रेघ राहिली. माळ तिनं यादीवर ठेवली, गोल करून, जपून. मग तुटकी धिरडी एका बाजूला सारली आणि ताटातली रिकामी झालेली जागा त्याच्यापुढे केली.

"दोन किलो राहिलेत ना," ती म्हणाली. "करा. आता समोर करा."

तिचा आवाज चढला नव्हता. त्याला वाटलं, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. त्यानं डबीचं झाकण काढलं. गॅस पेटवला, तो वेगळा तवा ठेवला, तेल सोडलं. हाताला सगळं येत होतं. पिवळं पसरलं, कडा उचलल्या, उलटलं. वास खोलीभर झाला. आजवर या घरात तो वास आत आला नव्हता. त्यानं ताटात वाढलं.

राधानं घास तोडला. नाकाशी नेला नाही, डोळे मिटले नाहीत. तोंडात घातला आणि चावत राहिली, फार वेळ. गिळताना गळा हलला, तिथे आता काही नव्हतं. तिनं दुसरा घास तोडला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

उत्तरेश्वरनं मिठाची बरणी उचलून तिच्या ताटाशेजारी ठेवली. गॅस बंद केला. कापड घडी करून खांद्यावर टाकलं. श्रद्धानं पप्पा म्हणून हाक मारली तेव्हा तो दारात होता. त्यानं चपला पायात घातल्या नाहीत, सायकलकडेही गेला नाही. उसाच्या बाजूला निघाला.