आष्ट्याच्या आपाचे पाव

त्या दिवशी मी साताऱ्याच्या घरी गॅसवाल्याची वाट बघत होतो. फोन वाजला तो त्याचाच समजून उचलला. आष्ट्याहून भाचा जावेद होता. "मामू, अम्मी गेली," म्हणाला. तेवढ्यात सिलिंडर आला. मी सील तपासलं, सही केली, दाराला कुलूप घातलं आणि सांगलीची एसटी धरली.

माझी थोरली बहीण. सगळ्या गल्लीची आपा. घरी पाव, ब्रेड आणि गोल बन करायची.

आमच्यात तीन दिवस घरात चूल पेटत नाही, शेजारीपाजारी डबे आणतात. डब्यांबरोबर किस्सेही आले. पहिल्या दिवशी दबक्या आवाजात, दुसऱ्या दिवशी मोठ्यानं. माणूस असताना कुणाचं लक्ष नसतं. गेल्यावर कळतं, किश्शांची केवढी रास पडली आहे!

किस्से प्रत्येकाचे वेगळे, शेवट मात्र एकच. शेजारच्या पवारकाकूंनी तो बोलून दाखवला. "आपाचा हात गेला. आता तसला पाव न्हाई मिळायचा." आपाची सून रेहाना तिथंच डबे रिकामे करत होती. तिनं मान वर केली नाही.

*

आमचे आजोबा पलटणीत भटारी, सैनिकांचे पाव भाजायचे. त्यांच्यामुळे वडूजच्या आमच्या घरात पाव आला. यीस्ट विकत आणायची नाही. आजच्या पिठातला मूठभर गोळा उद्यासाठी ठेवायचा, ही रीत. आपा लग्न होऊन आष्ट्याला निघाली ती तो गोळा डब्यात घालून, मांडीवर धरूनच. सासरच्यांना वाटलं, दागिने! सासूनं हौसेनं झाकण उघडलं आणि नाकाला पदर लावला.

"आगं बया, हे तर आंबलंय!"

"मग! आंबाय नको व्हय?" नवी नवरी बोलली!

*

पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ झालं की मळणं थांबवायचं. आपाचे कान पदराखाली, म्हणून ती नवऱ्याचा कान धरायची. दाजी दुकानात गेले आणि कानाला मैदा दिसला की गिऱ्हाईक विचारायचं, "दाजी, पाव किती वाजता?"

हे दाजींनी स्वतःच सांगितलं. सांगताना त्यांचा हात कानाकडे गेला.

*

गल्लीतून एकदा वरात निघाली. डॉल्बीनं पत्रे थरथरायला लागले. पिठानं भरलेल्या हातांनी आपा रस्त्याच्या मध्यात. "आवाज कमी कर रं! आत पाव फुगत्यात!"

डॉल्बीवाला हसला. पण नवरदेव घोड्यावरून वाकून ओरडला, "बंद कर गड्या! उद्या न्ह्यारीला त्येच हायत!"

*

महाबळेश्वरचा एक हॉटेलवाला मोठी गाडी घेऊन आला होता. टुरिस्ट लोकांसाठी आपानं तिकडं येऊन ब्रेड करावा, म्हणाला.

"साहेब, तुमच्यात पाऊस लय. माझ्या गोळ्याला मानवायचं न्हाई."

"मग गोळा राहू दे, तुम्हीच या!"

"आन् हितं त्येच्याकडं कोण बघंल?"

*

रेहाना सांगलीची. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण तिच्याकडे काम एकच, पाव वळायचे. मळणं आणि भाजणं आपाचं. एकदा रेहानानं वजनकाटा मागवला, तर आपा म्हणाली, "सोनाराला दे जा!" एकदा तरी सगळा घाणा आपल्या हातानं काढायचा, ही रेहानाची इच्छा घरात सगळ्यांना ठाऊक होती. आपालाही.

तिसऱ्या दिवशी थर्मासमधला चहा माझ्या हातात देत रेहाना हळू आवाजात म्हणाली, "मामू, एक सांगू?"

गेल्या जुम्म्याला आपाला ताप होता. पडल्या पडल्या म्हणाली, "आज तू मळ." रेहानानं मळलं, फुगवलं, भाजलं. पहिला पाव ताटलीत घालून आपापुढं ठेवला. आपानं तुकडा मोडला, सावकाश चावला. रेहाना उभीच.

तेवढ्यात पवारकाकू आपले पाव न्यायला आल्या. दारातच एक तोंडात घातला.

"आपा! आज तर लय झ्याक झाल्यात गं!"

आतून आपा ओरडली, "मग? मी कवा वाईट केल्यात?"

चहा पिऊन मी बाहेर आलो. ओसरीवर पवारकाकू आल्यागेल्याला आपाच्या शेवटच्या पावांची चव सांगत होत्या.

त्यांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही.