पहिल्या गाडीचा सत्कार

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हती. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. सांगायची राहून गेली, असंही म्हणता येणार नाही — मी सांगणारच नव्हतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. दुसरं कारण शोधत होतो, सापडलं नाही.

तसा मी काही मुखदुर्बळ माणूस नव्हे. राहुरीच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी क्लार्क होतो. लोकांच्या हजेऱ्या लावायच्या, भोंगा वेळेवर झाला का बघायचं. पण खरा जीव माइकमध्ये. कुस्त्यांचा फड असो, गणपतीतला कार्यक्रम असो, ‘कुलकर्णी, घ्या हातात’ म्हटलं की मी सुटलोच. दोन पैलवान नुसते एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभे असले, तरी ऐकणाऱ्याला वाटावं की आत्ता कुणाचा तरी खांदा निखळतोय. चार लोक हसले, ओरडले, की मला बरं वाटायचं. अजून वाटतं. — हे सगळं मी कशाला सांगतोय? मुद्द्यावर यायचं टाळतोय, दुसरं काय.

आता सावेडीला लेकाच्या फ्लॅटवर असतो मी. नातू टीव्हीवर मोटारींच्या शर्यती बघतो. परवा मला म्हणाला, आजोबा, एकच गाडी फार पुढे गेली की मजा जाते. मग काही निमित्त झालं की हे लोक मध्येच आपली एक गाडी आणतात, सगळ्यांना तिच्यामागून हळूहळू चालवतात, की झाले सगळे पुन्हा एकत्र. मी म्हटलं, पण जो पुढे गेला होता त्याचं काय? तो म्हणाला, त्याचं काय, त्याने पुन्हा पळायचं. मी ‘अस्सं’ म्हटलं आणि उठून गॅलरीत गेलो. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला कंटाळा आला.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यावर काहीतरी कार्यक्रम व्हायचा. त्याच्या आदल्या वर्षी चेअरमनसाहेबांनी फटफटीच्या शर्यतीचं खूळ काढलं होतं. कारखान्याच्या फाटकापासून निघायचं, कॅनॉलच्या कच्च्या रस्त्याने माळेवाडीला जायचं, तिथल्या मारुतीच्या पाराला वळसा घालून परत फाटकाशी यायचं. सहा-सात गाड्या, धुरळा, आरडाओरडा. पण बघणाऱ्याला दिसणार काय? गाड्या निघताना दिसणार आणि येताना. मधलं सगळं उसाच्या मागे.

आणि त्या पहिल्या वर्षी येताना काय दिसलं, तर एकटा रंगनाथ. कारखान्याच्या गॅरेजात हंगामी हेल्पर होता तो. गाडी त्याची नव्हती, वाहतुकीच्या ठेकेदाराची बुलेट मागून आणलेली. पण हात असा, की कच्च्या रस्त्यावर त्याची गाडी पाण्यावरून गेल्यासारखी जायची. तो आला, उतरला, तोंड धुतलं, तरी दुसऱ्याचा पत्ता नाही. दुसरा आला तेव्हा लोक भेळेच्या गाडीभोवती गोळा झाले होते. चेअरमनसाहेब मला म्हणाले, ‘‘कुलकर्णी, ही काय शर्यत म्हणायची? हिच्यापेक्षा वजनकाट्यावर उसाच्या गाड्या बघत बसलेलं बरं.’’

मला ते लागलं. माइक माझ्या हातात होता ना. फड माझा पडला होता.

दुसऱ्या वर्षी पुण्याहून पाहुणे येणार होते. कमिटी नावाला, सगळं माझ्या गळ्यात. मी डोकं लढवायला सुरुवात केली. शेवटाला हलगी लावायची ठरवली. कॅनॉलच्या वळणावर पाणी मारून चिखल करून ठेवावा, म्हणजे गाड्या जरा घसरतील, असंही सुचवून पाहिलं; आमचे इंजिनिअर म्हणाले, हात-पाय मोडले कुणाचे तर तुम्ही निस्तराल काय? ते राहिलं. पण हलगी वाजवा, नाहीतर तोफा उडवा — रंगनाथ एकटाच येणार असेल तर काय उपयोग?

त्यात चेअरमनसाहेबांनी सभेत जाहीर करून टाकलं, पहिला येईल त्याला माझ्या जीपवर ड्रायव्हर घेतो — कायम. बाकीच्यांना ती गंमत होती. मधुकर म्हणून एका बड्या बागायतदाराचा मुलगा उतरला होता, नवी कोरी गाडी, त्याला कुठे कुणाची जीप चालवायची होती! पण रंगनाथला? हंगाम संपला की त्याला घरी बसवायचे. दिवाळीनंतर पुन्हा बोलावतील की नाही, ते साहेबलोकांच्या मर्जीवर. एका ठिकाणी लग्नाचं जमत आलं होतं. मुलीकडचे म्हणत होते, कायम झाला की बघू. हे मला कसं ठाऊक? तोच सांगायचा. हजेरीच्या खिडकीशी उभा राहून सगळं सांगायचा बिचारा. त्याच खिडकीशी त्याने सांगितलं होतं, ‘‘आमची आक्का माळेवाडीलाच दिलीय, साहेब. आई गेली, तवा तिनंच वाढवला मला.’’ दर भाऊबीजेला सायकल मारत जायचा.

आता बघा. त्याला माळेवाडीत थोडा वेळ थांबवलं, की मागचे येऊन मिळणार. मग शेवट रंगणार. पण थांबवायचं कशाने? आदल्या वर्षी लोकांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर गड्याने मान वळवली नाही. तुमच्या-आमच्यात माणसाला हमखास थांबवणारी गोष्ट कोणती, सांगा? सत्कार. हार-नारळ पुढे आला की तहसीलदारसुद्धा जीपमधून उतरतो. आणि सरपंचांचे ‘दोन शब्द’ सुरू झाले, की मग विचारूच नका. तेवढ्यानेही रंगनाथ थांबेल अशी मला खात्री वाटेना. म्हणून — हे आता सरळ सांगतो — म्हणून मी त्याच्या बहिणीकडे गेलो.

सुभद्रा तिचं नाव. सारवलेल्या ओट्यावर बसून बाजरी पाखडत होती. मी सांगितलं, ताई, कमिटीने ठरवलंय, पाराशी जी गाडी पहिली येईल तिच्यावरच्या गड्याचा सत्कार करायचा. पहिला तुमचा भाऊच असणार. तुम्ही औक्षण करा. तिचा चेहरा असा फुलला! मग तिने विचारलं — अडाणी बाई, पण नेमकं तेच विचारलं — ‘‘पर साहेब, त्येचा टाइम जाईल न्हवं?’’

मी म्हणालो, नाही हो ताई. तेवढा वेळ वजा करणार आहोत. माझ्या हातात घड्याळ आहे. तुम्ही त्याला तसं सांगा, म्हणजे तो निवांत थांबेल.

आधी ठरवून बोललो का? तर नाही. तोंडाला येईल ते बोलायची सवय. पण बोलून झाल्यावर मला कळलं होतं की हे खोटं आहे, आणि मी ते खोडलं नाही. उलट सरपंचांकडे जाऊन बजावलं, सत्कार फक्त पहिल्याचा. मागून येणाऱ्यांना बिलकूल अडवायचं नाही.

शर्यतीच्या दिवशी मी फाटकाशी, माइकवर. माळेवाडीत जे झालं ते सरपंचांनी मला नंतर हौसेने सांगितलं. रंगनाथ भलताच पुढे होता. पाराशी आला तर वाटेत बहीण उभी — हातात ताट, ताटात निरांजन. त्याने आधी हातानेच ‘बाजूला हो’ केलं. ती ओरडली, ‘‘अरं थांब, टाइम धरत न्हाईत!’’ तो थांबला. तिने ओवाळलं, कुंकू लावलं, हार घातला. सरपंच बोलायला उभे राहिले. तेवढ्यात मधुकरची गाडी वळसा घालून गेली, मग आणखी एक गेली. ‘‘गडी हसत हुता बगा,’’ सरपंच म्हणाले. ‘‘जाणाऱ्यांना हात करत हुता.’’

शेवट मी म्हणत होतो तसाच झाला. पुढे निघालेल्या त्या दोन फटफट्या एकदमच उसाआडून बाहेर आल्या. हलगी तापली, टोप्या उडाल्या, पाहुणे खुर्च्यांवर उभे राहिले, मी माइकवर काय काय बोललो ते देव जाणे. मधुकर एका चाकाने पुढे आला. चेअरमनसाहेबांनी माझ्या पाठीत थाप मारली — ह्याला म्हणतात शर्यत! मी खूश होतो. खोटं कशाला बोलू, त्या दिवसाइतका मी पुन्हा कधी खूश झालो नाही.

रंगनाथ मागून आला, गाडी लावून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. गळ्यात हार, घामावर कुंकू ओघळलेलं, कपाळाला अक्षता. नाराज अजिबात नव्हता. मधुकरला लोकांनी खांद्यावर घेतलं, तेही तो हसून बघत होता. तो वाट बघत होता, मी कधी जाहीर करतो त्याची. मला ते दिसत होतं आणि मी बोलतच राहिलो. शेवटी तो हळूच म्हणाला, ‘‘साहेब, ती वजाबाकी सांगा की आता.’’

चेअरमनसाहेबांनी ऐकलं. म्हणाले, ‘‘कसली वजाबाकी?’’

तेवढ्यात माळेवाडीची माणसं ट्रॉलीतून आली. सुभद्रा पुढे, नवरा मागे. भाऊ जिंकलेला बघायला आली होती ती. रंगनाथने तिला सगळ्यांसमोर विचारलं, टाइम धरणार न्हाईत हे तुला कुनी सांगितलं? तिने सरळ माझ्याकडे बोट केलं. हसतच केलं; त्यात काही भानगड आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

आणि मी म्हणालो, ‘‘ताई, सत्कार करा एवढंच मी म्हणालो होतो. वेळेचं मी काही बोललो नाही.’’

इथे थांबलो असतो तरी— पण नाही. पुढचं कुणी विचारलंही नव्हतं. मी आपला माइकवरच म्हणालो, शर्यतीत कुठे वेळ वजा करतात काय मंडळी? बायकामाणसांचं आपलं काहीतरीच! लोक खो खो हसले. हसवणं मला जमायचंच.

ती ओरडली नाही, रडली नाही. तिने भावाकडे पाहिलं. भाऊ खाली बघत होता. मग त्याने गळ्यातला हार काढून गाडीच्या हँडलला अडकवला आणि गाडी ढकलत निघून गेला. नवरा तिला म्हणाला, चल, लई झाली शोभा.

मला भीती होती म्हणावं, तर कशाची? माझी नोकरी कायम होती. खरं सांगितलं असतं तर चेअरमनसाहेबांनी फार तर चार शिव्या दिल्या असत्या. पाहुण्यांसमोर जरा खजील झालो असतो. एवढंच होतं त्या पारड्यात.

जीपवर पुढे चेअरमनसाहेबांचा भाचा लागला. रंगनाथला हंगाम संपल्यावर घरी बसवलं. मग दुष्काळ आला, ऊसच नव्हता, कुणी कुणाला बोलावलं नाही. ते लग्न मोडलं. तो नाशिककडे ट्रकवर गेला असं कळलं. बहिणीकडे भाऊबीजेला तो त्या वर्षापासून आला नाही. माळेवाडीत मात्र म्हणच पडली — सुभद्रीच्या हातनं ओवाळून घेऊ नका रे, बुडाल! तिच्या सासूने ती आयुष्यभर वापरली. आणि ती शर्यत? जुने लोक अजून काढतात. तशी शर्यत पुन्हा झाली नाही म्हणतात.

आता राहिलेलं सांगतो. खरं म्हणजे हेच सांगायचं होतं.

काही वर्षांनी एका कामगाराच्या चौकशीसाठी माळेवाडीला गेलो होतो. तिच्या दारावरून रस्ता. तिने हाक मारली, ‘‘साहेब, च्या घेऊन जावा.’’ मला वाटलं, आता काढणार माझी खरडपट्टी. तर तसं काही नाही. चहा टाकला, समोर बसली. केस पिकले होते. म्हणाली, दिवाळी झाली, भाऊ यंदाबी न्हाई आला. मग म्हणाली, साहेब, एक विचारू का? तवा तुमी मला टाइमाचं बोलला हुता, का माझ्याच मनाचं हुतं? सगळी म्हनत्यात माझ्याच मनाचं. आता मलाबी तसंच वाटाया लागलंय. तुमी एकदा सांगा. माझंच चुकलं असलं तर मी त्येला तसा निरोप धाडते, पाया पडते त्येच्या. मग तरी यील.

घरात दुसरं कुणी नव्हतं. ना चेअरमन, ना पाहुणे, ना माइक.

मी म्हणालो, ‘‘तुमचीच काहीतरी गफलत झाली असेल, ताई. निरोप पाठवून बघा.’’

ती ‘बरं’ म्हणाली. मान हलवून दोनदा म्हणाली. मग साखर पुरे हाय का, तेही विचारलं. मी चहा प्यालो आणि निघालो. तिने निरोप धाडला असणार. तो आला की नाही, हे मी आजपर्यंत कुणालाही विचारलेलं नाही.